भावाला सगळं समजतं, तरी हात थांबत नाही. डोक्यात नेमकं काय होतं?

पऱ्हाटी (घाटंजी तालुका)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर इथून १२ किलोमीटरवर, त्यामुळे तिकडचं सुखदुःख रोज माझ्या दारात येतं. प्रश्न लहान भावाचा आहे.

वय २६. बाबा गेल्यापासून साडेचार एकर कोरडवाहू वावर तोच पाहतो. दारूला शिवत नाही, खर्रा खात नाही, आईचा शब्द खाली पडू देत नाही. यंदा सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) करून वेचा सुरू झाला. पहिल्या दोन वेच्यांचा १५ क्विंटल कापूस गावातच ६,९०० च्या भावानं गेला. वेचणीच्या बायांची मजुरी आणि गाडीभाडं देऊन ८६,००० उरले. त्यातून कृषी केंद्राची उधारी फेडायची होती. तीन रात्रींनंतर त्याच्या खात्यात ४१२ रुपये होते.

मोबाइलवरचा खेळ आहे. एक छोटं विमान वर चढत जातं, तसे लावलेले पैसे दुप्पट, तिप्पट, पाचपट होताना दिसतात. विमान उडून जायच्या आत बटण दाबलं तर पैसे आपले, नाही तर गेले. कुण्या मित्रानं ग्रुपवर लिंक टाकली, तिथून सुरुवात.

मला झोप लागत नाही ती एका गोष्टीनं. मी त्याचा फोन उघडून पाहिला तर त्यात ४१ फोटो जपून ठेवलेले होते. जिंकल्याचा त्यात एकही नाही, सगळे हुकल्याचे. दहापटीला पैसे काढायचं ठरवलं आणि विमान ९.८ वर उडालं, असे. मी विचारलं, "हे काहून ठेवले रे?" तर म्हणाला, "बाई, पाह्य ना, किती जवळ आलो होतो."

दिवाळीच्या आधी ११,००० गेले होते तेव्हा मामांनी त्याला माहूरच्या रेणुकामायची शपथ घालायला लावली. ती त्यानं १९ दिवस पाळली. मोडली त्या रात्री जेवला नाही, माझ्याजवळ येऊन रडला. "मले सगळं समजते बाई, पण हात थांबत नाई." मी शिक्षिका आहे. पोराला समजलं की ते करेल, यावर माझी सगळी नोकरी उभी आहे. त्या वाक्यापुढे मला काही सुचलं नाही.

खेळताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे, त्यावर आनंद नव्हता. मग तो खेळतो कशासाठी? समजतं, तर थांबत का नाही? मेंदूत काही बिघाड असतो का? तिसरा वेचा पंधरा दिवसांवर आला आहे आणि ते पैसे पुन्हा त्याच्याच खात्यात येणार. मामा म्हणतात, दोन ठेवून द्या, सरळ होईल. मला ते पटत नाही. कुणाला खरोखर माहीत असेल तर सांगा.


सरकीवाला (हिंगणघाट)

ताई, ते ४१ फोटो वाचले आणि मी मोबाइल खाली ठेवून अंगणात फिरून आलो. माझ्याजवळ फोटो नव्हते, वही होती. मी ९ वर्षं सट्टापट्टी, म्हणजे मटक्याचा आकडा, लावली. जिनिंगमध्ये कामाला होतो, शनिवारी हातात पैसे यायचे आणि रविवारपर्यंत जायचे. ४७ ची जोडी (दोन अंकी आकडा) लावली आणि ४८ फुटली, की त्या दिवसाचा आकडा मी वहीत लाल पेनानं लिहायचो. एका घरानं हुकलं, असं आम्ही म्हणायचो. लागलेले आकडे मी कधी लिहिले नाहीत. तुमच्या भावाचे फोटो म्हणजे माझी लाल पेनाची पानं आहेत.

सोडून ७ वर्षं झाली. पोरगी नर्सिंगला गेली तेव्हा तिनं इंग्रजीतलं वाचून मला एकेक गोष्ट मराठीत समजावली. मी बारावी नापास माणूस, पण हे मी नीट शिकून घेतलं, कारण मला माझी ९ वर्षं कुठं गेली ते समजून घ्यायचं होतं.

हुकण्याचंच आधी सांगतो. २००९ मध्ये ल्यूक क्लार्क नावाच्या संशोधकानं केंब्रिजमध्ये लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून जुगाराच्या यंत्रासारखा खेळ दिला. चित्रं जुळली तर पैसे. जिंकल्यावर मेंदूचा जो भाग पेटतो, तोच भाग थोडक्यात हुकल्यावरही पेटला. पैसे तर मिळाले नव्हते! आणि लोकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की थोडक्यात हुकणं हे साफ हुकण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं, पण पुन्हा खेळावंसं मात्र जास्त वाटतं. चित्र स्वतः निवडायला दिलं होतं तेव्हाच ही ओढ वाढत होती, यंत्रानं निवडलं तर नाही. तुमच्या भावाच्या खेळात बटण कोण दाबतं ते पाहा. आपण दाबतो. म्हणून वाटतं की पुढच्या खेपेला अर्धा सेकंद आधी दाबू.

नेम धरून मारलेला दगड आंब्याच्या जवळून गेला तर पुढचा लागण्याची शक्यता खरंच वाढते, कारण हाताला अंदाज येतो. मेंदू हे शिकलेला आहे आणि ते बरोबरच आहे. पण ४७ आणि ४८ मध्ये जवळ-दूर काही नसतं. ४७ लावल्यावर ४८ फुटणं आणि ०३ फुटणं सारखंच. विमानाचंही तेच, ते कुठं उडणार याचा तुमच्या मागच्या बटणाशी संबंध नसतो. जे ज्ञान वावरात कामी येतं, ते इथं माणसाला बुडवतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चेहऱ्यावर आनंद का नाही. हा प्रश्न मलाही माझ्या बायकोनं विचारला होता, "सुख लागत नाही तर लावता कायले?" तेव्हा उत्तर नव्हतं, आज आहे. डोपामिन नावाचं रसायन मेंदूत सुटतं, त्याला लोक आनंदाचं रसायन म्हणतात, पण ते पूर्ण खरं नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चालायच्या. मग आधी दिवा लावायचा आणि नंतर रस द्यायचा, असं सुरू केलं. काही दिवसांनी पेशी दिव्यालाच उसळायला लागल्या, रस आला तेव्हा शांत. दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या वेळेला त्या पेशी नेहमीपेक्षाही खाली बसायच्या. म्हणजे पेशी सुख मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात.

२००३ मध्ये त्याच गटानं आणखी एक पाहिलं, आणि माझ्या मते सगळ्या जुगाराची किल्ली तिथं आहे. रस नक्की मिळणार असेल किंवा नक्की मिळणार नसेल, तर वाट पाहताना पेशी फारशा हलत नाहीत. मिळेल की नाही हे अर्धं-अर्धं असेल, तेव्हा दिवा लागल्यापासून रसाच्या वेळेपर्यंत त्या हळूहळू चढत जातात. ताई, विमान वर चढतं ना, तसंच. ओपन, म्हणजे जोडीतला पहिला आकडा, आल्यापासून क्लोज, म्हणजे दुसरा, येईपर्यंतचे ते तास मी कसे काढायचो ते मलाच ठाऊक. पोटात काही तरी उभं राहायचं. मी पैशासाठी खेळतो असं मला वाटायचं, खरं तर मी त्या वाट पाहण्यासाठी खेळत होतो. मिशिगनच्या केंट बेरिज यांनी हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मांडलं आहे. तुमच्या भावाला तो खेळ आवडत नसेल, पण हवासा वाटतो.

एक गोष्ट विषयाबाहेरची, पण आपण कापसाची माणसं म्हणून सांगतोच. सट्ट्यातले ओपन आणि क्लोज हे शब्द कापसाच्या बाजारातून आले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईला तारेनं यायचे, त्यांच्या आकड्यांवर पैजा लागायच्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे बंद झाले, तर कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी आकडा इथंच काढायला सुरुवात केली. मडक्यातून चिठ्ठ्या, म्हणून मटका. हे कळलं तेव्हा मी फार वेळ गप्प बसलो. दिवसा मी ज्या रुईच्या गाठी बांधत होतो, रात्री तिच्याच भावाच्या सावलीवर पगार लावत होतो.

हिशेब एवढाच आहे: जोड्या १००, आणि आमच्याकडे खायवाल, म्हणजे आकडा घेणारा, एका रुपयाला ९० द्यायचा. शंभर रुपये फिरले की दहा त्याच्या घरी. हे मला दुसऱ्या वर्षीच समजलं होतं. पुढची ७ वर्षं समजून खेळलो.


कोरडवाहू (दारव्हा)

पोराला एवढं धरू नका. शेती काय आहे? मृगात तीन पाकिटं सरकी टाकायची, पाऊस उघडला की दुबार पेरणी, मग बोंडअळी, मग भाव. आमचा बाप आयुष्यभर जुगारच खेळला, फक्त पोलीस पकडत नव्हते एवढंच. ज्याला हा जुगार जमतो त्याला तो का जमू नये, असं पोट्ट्यांना वाटणारच.


सरकीवाला (हिंगणघाट)

भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, पण दोन्ही एक नाहीत. वडिलांची पहिली पेरणी मोडली असेल तर पुढच्या वर्षी ते जमिनीत ओल किती खोल गेली ते उकरून पाहून पेरायला लागले असतील. नुकसानीनं त्यांना काही शिकवलं. सट्ट्याच्या ९ वर्षांनी मला आकड्याबद्दल एक अक्षर शिकवलं नाही, कारण शिकण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तरी मी चार्ट मांडून बसायचो. मेंदूला नमुना दिसल्याशिवाय राहवत नाही. १९१३ मध्ये मॉन्टे कार्लोच्या जुगारघरात चक्रावर लागोपाठ २६ वेळा काळा आला होता. आता तरी लाल येईल म्हणून लोक लाल लावत गेले आणि धुऊन निघाले. चक्राला आठवण नसते, भाऊ. वावराला असते.


मनमोकळं (वर्धा)

ताई, मी जिल्ह्याच्या मानसिक आरोग्याच्या कामात समुपदेशक आहे. आधी सगळ्यात तातडीचं. घरात फवारणीचं औषध असेल तर आजच कुलपात टाका आणि किल्ली आईजवळ ठेवा, किंवा शेजाऱ्याकडे हलवा. जुगारात मोठी रक्कम हरलेल्या माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार येण्याचा धोका खरा असतो. त्याला सरळ विचारा, "मरून जावं असं वाटते का रे?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता "समजते पण हात थांबत नाही". हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते आणि दर वेळी घरचे म्हणतात, नाटकं करतो. नाटक नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अँटोनियो दमासिओ आणि अँटॉइन बेकारा यांच्या गटानं पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवून एक चाचणी केली. दोन गठ्ठ्यांत मोठी बक्षिसं, पण मध्येच त्याहून मोठा दंड. उरलेल्या दोन गठ्ठ्यांत बक्षीस लहान, दंडही लहान, आणि शेवटी फायदा. कुठला गठ्ठा कसा, हे सांगितलेलं नसतं. धडधाकट मेंदूची माणसं पत्ते उचलता उचलता फायद्याच्या गठ्ठ्यांकडे वळतात. गंमत अशी की वाईट गठ्ठ्याकडे हात नेताना त्यांच्या तळहाताला घाम यायला लागतो, आणि तो कधी, तर गठ्ठा वाईट आहे हे त्यांना सांगता येण्याच्या कितीतरी आधी. शरीर आधी कचरतं, डोकं मागून येतं.

ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या-खालच्या भागाला, म्हणजे कपाळामागे डोळ्यांच्या वरच्या भागाला, इजा झाली होती त्यांना तो घाम येत नव्हता. त्यांतल्या काहींना कुठले गठ्ठे वाईट आहेत हे बरोबर सांगता आलं, तरी ते तेच गठ्ठे उचलत राहिले. समजणं आणि कचरणं ही दोन वेगळी कामं आहेत, ताई. तुमच्या भावाच्या मेंदूला जखम झालेली नाही, तसा अर्थ काढू नका. पण जुगाराचा नाद लागलेली माणसंही या चाचणीत मागे पडलेली दिसली आहेत. शिवाय हा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो, आणि झोप मोडली की त्याचं काम ढिलं पडतं. रात्री दोन वाजता, अंथरुणात, एकटा, हातात फोन. यापेक्षा वाईट वेळ निर्णयासाठी नाही.

त्यात उधारीचा घोर. २०१३ मध्ये तमिळनाडूच्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, कापणीच्या आधी पैशाची ओढाताण असताना आणि कापणीनंतर हातात पैसे असताना, डोक्याच्या चाचण्या दोनदा घेतल्या. कापणीआधी त्यांची कामगिरी स्पष्ट कमी होती. माणूस तोच, बुद्धी तीच. म्हणून कृषी केंद्राच्या उधारीवरून त्याला रोज टोचू नका. जाऊन हप्ते बांधून घ्या, तेही तुम्ही.

शपथेबद्दल. १९ दिवस पाळली म्हणजे त्याची इच्छा खरी होती. पण शपथ फक्त समजणाऱ्या डोक्याला बांधते, आणि तुम्हाला तर हात बांधायचा आहे. तिसऱ्या वेच्याचे पैसे आईच्या खात्यात घ्या, त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीनं. पैसे पाठवायची ॲपं त्याच्या फोनमधून काढा, रात्री नऊनंतर फोन आईच्या उशाशी. पाहायला बारीक गोष्टी आहेत, पण ओढ लागणं आणि पैसे लावणं यांत अर्धा तास पडला तरी पुष्कळदा लाट ओसरते.

२०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात जुगाराचा आजार दारू-तंबाखूच्या व्यसनांच्या रांगेत बसवला आहे, त्याआधी तो आवेग न आवरण्याच्या आजारांत होता. उपचार आहेत. विचार आणि वागणूक बदलण्याची समुपदेशनाची पद्धत सगळ्यात जास्त वापरली जाते, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पोलिसांची भीती असेल तर तीही काढा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, पण त्यातली शिक्षा चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. मामांना एवढंच सांगा की मार खाल्लेला पोरगा पुढच्या वेळी लपून खेळेल.


मास्तरांचा लेक (पवनी)

मेंदूत बिघाड असतो का, असं ताईंनी विचारलं, म्हणून आमच्या घरचं लिहितो. बाबा पोस्टात होते, पै-पैचा हिशेब ठेवणारे. गावच्या मंडईत (जत्रेत) कोंबडबाजार, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजींचा जुगार, भरायचा तर तिकडची वाटही ते टाळायचे, कोंबड्याच्या पायाला बांधलेली काती पाहवत नाही म्हणायचे. ६६ व्या वर्षी हात थरथरायला लागला, पार्किन्सन निघाला. गोळ्यांनी चालणं सुधारलं, आम्ही खूश. वर्षभरानं कळलं की बाबा रोज आकडा लावतात आणि कोंबडबाजारात पहिल्या रांगेत उभे असतात. पेन्शनमधले ७०,००० गेले होते. आईनं करणी-बाहेरचं सगळं केलं.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी तपासताना सहज विचारलं, "जुगार, खरेदी, असा काही नवीन नाद लागला का?" आई तिथंच रडायला लागली. प्रामिपेक्सोल नावाची गोळी चालू होती. ती मेंदूत डोपामिनच्या जागी काम करते. २०१० साली अमेरिका-कॅनडात ३,०९० पार्किन्सन रुग्णांची पाहणी छापून आली, त्यात शंभरात ५ जणांना जुगाराचा नाद आढळला, आणि अशा गोळ्या घेणाऱ्यांत असे नाद जास्त होते. डॉक्टरांनी हळूहळू गोळी कमी केली, दुसरं औषध वाढवलं. तीनेक महिन्यांत बाबा पुन्हा पहिले बाबा झाले. (कुणी ही गोळी घेत असेल तर मनानं बंद करू नका, डॉक्टरांनाच विचारा.)

ताई, तुमच्या भावाचं कारण वेगळं आहे. पण एका गोळीनं माझ्या बापाला तिथं नेलं आणि ती कमी झाल्यावर परत आणलं, हे पाहिल्यापासून मी कुणाही जुगाऱ्याला नालायक म्हटलेलं नाही.


पऱ्हाटी (घाटंजी तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. मोनोचा डबा आणि फवारणीचं बाकी सामान त्याच दिवशी काकूंच्या घरी नेऊन ठेवलं. मग रात्री चुलीजवळ बसून त्याला सरळ विचारलं. तो बराच वेळ काड्या मोडत बसला आणि म्हणाला, "एक दिवस वाटलं होतं. विहिरीपर्यंत गेलो होतो." आईनं ते ऐकलं. ती उठून त्याच्याजवळ बसली, काही बोलली नाही. काल आम्ही तिघांनी मिळून १४४१६ ला फोन लावला. पुढच्या मंगळवारी त्याला यवतमाळला घेऊन जाते आहे, शाळेत रजा टाकली. खात्याचं त्यानं स्वतःच कबूल केलं, जिनिंगला आईचा खातेनंबर तोच देऊन आला. मामा अजून रागात आहेत.

सरकीवाला भाऊंचं लिहिलेलं मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. ४७-४८ वर तो थांबला, परत वाचायला लावलं. म्हणाला, "यायलेही असंच होत होतं?" आणि मग विचारलं, "त्यायले विचार, ती वही आता कुठी हाये." मला एवढंच विचारायचं आहे, की ते ४१ फोटो त्याच्याच हातानं पुसायला लावू का?


सरकीवाला (हिंगणघाट)

नको. तुम्ही पुसा, त्याला न दाखवता. माझी वही पोरीच्या पेटीत आहे, किल्ली तिच्याजवळ. मागच्या वर्षी पेटी साफ करताना ती हाती आली. लाल पान नुसतं दिसलं आणि सात वर्षांनंतरही पोटात तेच उभं राहिलं. माकडाचा तो दिवा, ताई. मी वही तिच्या हातात दिली आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेलो.

मंगळवार झाल्यावर त्याला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर सांगा. गुरुवारी मला सुट्टी असते.